वापरलेले कपडे, एक नग

शांतता एवढी लांबली की तिच्यात एक अख्खी कविता लिहून झाली असती, असे बेसिल स्वीटिंगच्या मनात आले. आणि अशा प्रसंगीही आपल्याला नेमके हेच सुचावे, याची त्याला नेहमीप्रमाणे थोडी लाज वाटली आणि थोडा अभिमान.

आमच्या बेटांच्या राजधानीतल्या, नसावच्या विमानतळावरचे कस्टमचे तिसरे काउंटर. पत्र्याच्या टेबलावर एक खोके उघडे पडले होते आणि त्यातून निम्मा बाहेर आलेला पांढरा गाऊन, गुंगीचे औषध दिलेल्या पक्ष्यासारखा, एका कुशीवर निजला होता. पलीकडे मिसेस मॉक्सी उभ्या होत्या. साठीला टेकलेल्या, साखळीचा चष्मा लावलेल्या, आणि गणवेशाला इस्त्री अशी की कडेने बोट कापावे. त्यांनी गाऊनची खालची कड दोन बोटांत धरली होती. शाळेला निघालेल्या पोराचा कान मळला आहे का ते पाहावे, तशी. बेसिल नुकताच एवढेच म्हणाला होता, "माझ्या बायकोचा आहे तो. जुना. मायामीत दुरुस्तीला नेला होता." त्यानंतरची ही शांतता.

मागच्या रांगेतही कोणी बोलेना. दुपारच्या विमानाने मायामीहून आलेली ती रांग. महिना जून, आणि तरीही एका बाईच्या अंगावर लोकरीचा कोट होता. तिच्या मागच्या गृहस्थाने एकावर एक तीन शर्ट चढवले होते. सगळे घामाने निथळत होते आणि सगळे निरागस दिसण्याची शिकस्त करीत होते.

"बायकोचा," मिसेस मॉक्सी अखेर म्हणाल्या. "म्हणजे युलालीचा."

नाव त्याने सांगितले नव्हते. आपल्या बेटावर अनोळखी माणूस असा नसतोच, फक्त अजून ओळख न पटलेला माणूस असतो, ही गोष्ट तो पुन्हा एकदा विसरला होता.

आमच्या देशात मिळकतीवर कर नाही, हे जगातल्या सगळ्या श्रीमंतांना ठाऊक आहे. आणि त्यांना ते ठाऊक करून देणे हाच बेसिलचा पोटापाण्याचा उद्योग होता. बे स्ट्रीटवरच्या एका कचेरीत, जिथे परदेशी माणसांच्या पैशांना निवांत झोप लागेल अशी व्यवस्था केली जाते, तो बावीस वर्षे माहितीपत्रके लिहीत होता. तरुणपणी त्याने जमैकाच्या विद्यापीठातून आधुनिक कवितेची पदवी आणली होती. त्या पदवीने त्याला एक उदास चेहरा दिला आणि बाकी काही दिले नाही. त्याच्या एकुलत्या एका कवितासंग्रहाच्या एकतीस प्रती खपल्या. त्यांतल्या एकोणीस त्याने स्वतः घेतल्या होत्या. कचेरीच्या पत्रकाच्या मात्र सात आवृत्त्या निघाल्या. "इथे वारशावर कर नाही, दानावर कर नाही, नफ्यावर कर नाही. इथे भरती येते, ओहोटी लागते. मधे कोणी हिशेब विचारीत नाही." ही आपली छापून आलेली सर्वांत चांगली ओळ, हे तो मनाशी कबूल करीत असे. आणि ती पैसेवाल्यांसाठी लिहिली होती, याचे दुःखही तो करीत असे. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी, थोडा वेळ.

पण सरकार म्हटले की त्याला पोट असतेच. पत्रकात त्याविषयी एक अक्षर नव्हते. आमचे सरकार धक्क्यावर जेवते आणि विमानतळावर जेवते. वाळू, ऊन आणि मासे सोडले तर आमच्याकडे सगळेच बाहेरून येते: तांदूळ, खिळे, साबण, फ्रीज, शवपेटीच्या पितळी कड्या. जे येते त्यावर जकात. मग जकात धरून जी किंमत होते, तिच्यावर व्हॅट. म्हणजे कराच्या डोक्यावर कर, टोपीवर पागोटे चढवावे तसा. टेकडीवरचा कोट्यधीश आपल्या कोटींवर छदाम देत नाही, आणि त्याच्या घरची मोलकरीण साबणाच्या प्रत्येक वडीवर देते. दुकानदाराची तऱ्हा आणखी निराळी: त्याला नफा होवो की तोटा, जेवढी विक्री तेवढ्या हिशेबाने परवान्याची रक्कम भरावीच लागते. या सगळ्याला आम्ही अभिमानाने 'करमुक्त जीवन' म्हणतो आणि मायामीहून परतताना नव्या बुटांचे तळ सिमेंटवर घासतो.

हे घासणे आमच्या रक्तात आहे. मुलाला ज्या वयात प्रार्थना शिकवतात त्याच वयात हेही शिकवतात. नवी वस्तू आणली तर जकात. वापरलेली, अंगावरची असली तर नाही. म्हणून किमतीच्या चिठ्ठ्या कापायच्या, शर्ट चुरगळायचे, पर्सच्या आत दोन जुन्या बसतिकिटांचे बोळे टाकायचे. मायामीतल्या मोठ्या दुकानांच्या मागच्या अंगणात आमची माणसे लांबून ओळखू येतात. रांगेने उभी राहून ती गंभीर चेहऱ्याने पाय घासत असतात, जणू एखादा संथ, धार्मिक नाच चालला आहे.

बेसिलच्या मुलीला, फिलिपाला, या नाचाचा तिटकारा होता. ती सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. दीड वर्ष पैसे साठवून तिने मायामीतल्या एका दुकानातून गाऊन शिवून घेतला होता. मापे इथून पाठवली, पैसेही इथूनच भरले. लग्न येत्या शनिवारी. बेसिल कचेरीच्या कामाने मायामीला निघाला होता, म्हणून येताना गाऊन आणण्याचे काम त्याच्याकडे आले. खरे तर ते त्याने जवळजवळ हात जोडून मागून घेतले होते; कारण एक प्रश्न अजून लोंबकळत होता. चर्चमध्ये फिलिपाचा हात धरून तिला वेदीपर्यंत कोण नेणार, बाप की मामा?

मामा हेझ्रन होड्या बांधणारा माणूस. युलाली वारली तेव्हा फिलिपा अकरा वर्षांची होती. त्यानंतर तिची सायकल, तिच्या खोलीचे गळके छप्पर, तिच्या शाळेतल्या तक्रारी, सगळे हेझ्रनने पाहिले. त्याने जन्मात एक कविता वाचली नव्हती आणि तो प्रत्येक ठिकाणी वेळेवर पोहोचत असे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध असावा, असा बेसिलला दाट संशय होता.

"हे पाकीट," निघण्याच्या आदल्या दिवशी फिलिपा म्हणाली होती. "यात साडेचारशे डॉलर आहेत. जकात आणि व्हॅट मिळून चारशेतीसच्या आसपास होईल, मी विचारून ठेवलंय. खोक्यात पावतीची प्रत असेल. काउंटरवर जायचं, पावती दाखवायची, पैसे भरायचे, घरी यायचं. डॅडी, यात कुठेही कविता करायची नाही."

"मी काय जिथे तिथे कविता करतो?"

"माझ्या नर्सिंगच्या पदवीदानाला कुठे होतात तुम्ही?"

तो त्या दिवशी समुद्रावर होता. तिच्यासाठी चार ओळी सुचत होत्या. चौथी सुचेपर्यंत समारंभ आटोपला होता.

"फिलिपा, शनिवारी तुला आत नेताना..."

"मामानंही विचारलंय," ती म्हणाली. "आधी गाऊन आणा. मग बघू."

मायामीत बेसिलचे भाषण झकास झाले. थंडगार दिवाणखान्यात साठ-सत्तर पैसेवाले बसले होते. त्यांच्यातल्या एकाने हात वर करून विचारले, "कोणीच कर भरत नसेल, तर तुमचं सरकार चालतं कशावर?" बेसिलने खिडकीकडे पाहिले आणि तो म्हणाला, "समुद्रावर." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची धुंदी दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरली नव्हती, आणि त्या धुंदीतच तो लग्नासाठी घेतलेले काळे बूट घासायला हॉटेलच्या मागच्या वाहनतळावर आला. खोके बगलेत होते. तिथे त्याला ती कल्पना सुचली.

मुलीला द्यायला त्याच्याकडे काही नव्हते. पगार महिनाअखेरीला पोहोचत नव्हता. वर्षातून दोनदा मिळणारी जकातीतली सवलतही त्याने मार्चपर्यंत संपवून टाकली होती, एकदा सुटासाठी आणि एकदा पुस्तकांसाठी. पण गाऊन जुना ठरला तर? पाकिटातले पैसे वाचतील, आणि शनिवारी तेच पाकीट तो तिच्या हातात ठेवील. वडिलांकडून. पैसे मुळात तिचेच आहेत ही बारीकशी अडचण त्याच्या लक्षात आली नाही असे नाही, पण कल्पनेच्या सौंदर्यापुढे ती त्याला क्षुल्लक वाटली. त्याने तिथल्या तिथे पाकिटावर, वळणदार अक्षरात, 'फिलिपास, तिच्या वडिलांकडून' असे लिहिले आणि खाली दोन ओळीही लिहिल्या.

मग गाऊन काढून त्याची खालची कड सिमेंटवरून दोन पावले ओढली. एखादा साधा लबाड माणूस इथेच थांबला असता. बेसिल कलावंत होता. त्याला वाटले, नुसती धूळ पटणार नाही. गाऊनला आयुष्य हवे. म्हणून त्याने न्याहारीचा उरलेला चहा काखेपाशी बोटाने लावला, नाचून आलेल्या घामासारखा. कडेचा एक धागा ओढला. तिथे एखाद्या लहान मुलाचा पाय पडला असावा. शेवटी कमरेच्या खाली, डाव्या बाजूला, काल रात्रीच्या बाटलीतल्या लाल वाइनचा एकच थेंब. कोणा काकांचा हात हलला असावा. पाच मिनिटांत त्याने त्या कोऱ्या कापडावर एक अख्खे लग्न लावून दिले. लांब उभे राहून त्याने ते न्याहाळले, आणि कित्येक वर्षांनी आपल्या हातून काहीतरी पूर्ण झाल्याचे समाधान त्याला मिळाले. मग पावती बारीक फाडून कचऱ्यात टाकली. विमानात कस्टमच्या फॉर्मवर त्याने लिहिले: वापरलेले कपडे, एक नग, किंमत चाळीस डॉलर.

"ब्रदर स्वीटिंग," आता मिसेस मॉक्सी म्हणत होत्या, आणि त्यांचा आवाज चर्चच्या मागच्या बाकापर्यंत सहज पोहोचेल असा होता, "फॉक्स हिलच्या चर्चमध्ये तुमचं लग्न झालं तेव्हा मी गाणाऱ्यांत होते. दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरी. युलालीनं निळा ड्रेस घातला होता."

बेसिलने खोक्याचे झाकण उगाच सरळ केले.

"मला चांगला आठवतोय. माझ्या बहिणीचा होता तो."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले. "धुऊन धुऊन पांढरा झाला असेल, बाई!" तीन शर्टवाला गृहस्थ म्हणाला.

"तू गप रे," कोटवाली बाई म्हणाली. "आधी एक शर्ट काढ, मग बोल. तुला बघून मला घाम येतोय."

"तुला कोटामुळे येतोय."

"मला थंडी वाजते. माझं रक्त पातळ आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"शांत राहा," मिसेस मॉक्सी न पाहताच म्हणाल्या. "तुमचीही पाळी येणार आहे." मग त्या बेसिलकडे वळल्या. "फॉर्मवर 'अंगावरचे कपडे' या रकान्यात खूण केलीय तुम्ही. कोणाच्या अंगावरचे? तुमच्या?"

"तसं नाही..."

"नाही, तुमचे असतील तर माझी काही हरकत नाही. पडद्यामागे जा, घालून या. बटणं मी लावून देते. अंगात बसला तर सोडते तुम्हाला."

आता रांग मोकळेपणी हसली. बेसिलही हसला, कारण न हसण्याला लागणारे बळ त्याच्यात उरले नव्हते. मिसेस मॉक्सींनी मात्र गाऊन उलटा केला आणि गळ्याच्या आतल्या बाजूला टाचलेली एक चिठ्ठी टाचणी काढून वेगळी केली. दुकानातल्या शिंपिणीची ती चिठ्ठी. छाती, कंबर, उंची; गेल्या मंगळवारची तारीख; आणि वर नाव. बेसिलने गाऊनला सगळे आयुष्य दिले होते, पण आतून उलटून पाहिला नव्हता.

"फिलिपा स्वीटिंग," त्यांनी वाचले. चष्मा खाली आणून त्या बेसिलकडे पाहत राहिल्या. "आपली फिलिपा? माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण तिच्याच हातून झालं. बावीस तास पोरगी जागची हलली नाही. तिचा गाऊन आहे हा?"

"हो."

"आणि तुम्ही तो असा केलात?"

"हो," बेसिल म्हणाला. मग त्याला वाटले काहीतरी पुढे बोलावे. "फक्त खालची कड, आणि थोडं वर."

"पावती?"

"फाडली."

"छान. मग किंमत मला ठरवावी लागेल. आणि माझा अंदाज सढळ असतो. दोन हजार डॉलर धरते." त्यांनी पेन उचलले. "नाहीतर पोरीला फोन करा. तिच्याकडे प्रत असेल."

"तिला नको, मिसेस मॉक्सी. ती ड्युटीवर आहे. तिला त्रास..."

"मग मी करते. नंबर आहे माझ्याकडे."

त्याला बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवण्यात आले. तिथून त्याला पुढचा पाऊण तास आपला देश काउंटरपुढून जाताना दिसला. कोटवाल्या बाईच्या कोटातून किमतीची चिठ्ठी निघाली आणि तिने डॉक्टरांना दोष देत पैसे भरले. तीन शर्टवाल्याने दोन उतरवले आणि एक पैही न भरता, हात वर करून, विजयी वीरासारखा बाहेर पडला. जाताना त्याने बेसिलच्या खांद्यावर थाप मारली. "लग्नाच्या गाऊनला कोण घासतं हो, काका? बूट घासायचे. बूट!" एका कलावंताला दुसऱ्या कलावंताने हातचे न राखता दिलेला हा सल्ला बेसिलने मान खाली घालून ऐकला.

फिलिपा आली ती नर्सच्या कपड्यांतच, घड्याळ छातीवर टाचलेले. तिने बापाकडे पाहिले नाही. मिसेस मॉक्सींना वाकून नमस्कार केला, पिशवीतून पावती काढून दिली. अकराशे पन्नास डॉलर. मग ती टेबलाकडे वळली आणि तिने पहिल्यांदाच, प्रत्यक्ष, आपला गाऊन पाहिला.

जखम तपासावी तसे तिचे बोट कडेवर टेकले.

"हे काय आहे?"

"सिमेंट," बेसिल म्हणाला.

"हे?"

"चहा. दूध नव्हतं त्यात."

"आणि हे?"

"वाइन. एकच थेंब."

"लाल?"

"लाल."

तिने डोळे मिटले आणि उघडले. "आणि ते तिथं का आहे?"

"मला वाटलं," बेसिल म्हणाला, आणि आपण हे वाक्य पुरे करू नये हे त्याला कळत होते, "कोणा काकांचा हात हलला असेल."

मिसेस मॉक्सी खोकल्या. त्यांना हसू आवरत नव्हते की राग, ते सांगणे कठीण होते. "आईचा म्हणून सांगितलं त्यांनी, बाळा. तुला ठाऊक असलेलं बरं."

फिलिपाने गाऊनची कड खोक्यात परत ठेवली. "किती भरायचे?" तिने विचारले.

"जकात आणि वर व्हॅट. चारशे एकतीस."

"डाग पडलेत," बेसिल हळूच म्हणाला. "त्यामुळे किंमत थोडी उतरते का?"

"जकात दिलेल्या किमतीवर असते, ब्रदर. बापाच्या कर्तबगारीवर नसते." मिसेस मॉक्सींनी त्याचा फॉर्म हातात घेतला. खोटी माहिती दिल्याबद्दल पुढे काय काय होऊ शकते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले: दंड, कोर्ट, आणि कचेरीला एक पत्र. मग त्या फिलिपाकडे बघत राहिल्या आणि त्यांनी तो फॉर्म मधोमध फाडला. "हे तुमच्यासाठी नाही, तिच्या बावीस तासांसाठी आहे. हा घ्या नवा फॉर्म. या वेळी गद्यात लिहा."

बेसिलने लिहिले: लग्नाचा गाऊन, नवा, एक नग. किंमत अकराशे पन्नास डॉलर. इतके सरळ आणि इतके अचूक वाक्य त्याच्या हातून कित्येक वर्षांत उतरले नव्हते. ते वाचून त्याला रडू येईल असे वाटले, म्हणून त्याने घाईने सही केली.

"पैसे," फिलिपा म्हणाली. "पाकीट आहे ना? की तेही..."

"आहे, आहे. एकही डॉलर हलवला नाही." त्याने पाकीट काढले, आणि ते तिच्या हातात गेल्यावर त्याला आठवले की त्यावर लिहिलेले आहे.

तिने वाचले. वरची ओळ, मग खालच्या दोन. मिसेस मॉक्सींनीही टेबलावरून वाकून वाचले. कस्टमच्या माणसाला वाचायला परवानगी लागत नाही.

"हे काय?"

"भेट. शनिवारी देणार होतो."

"हे माझे पैसे आहेत, डॅडी."

"हो."

"माझेच पैसे मला भेट?"

"वाचवून," बेसिल म्हणाला. "मी ते वाचवले असते ना."

"सरकारही असंच करतं, बाळा," मिसेस मॉक्सी म्हणाल्या. "फक्त वर कविता लिहीत नाही."

फिलिपाच्या ओठाचा कोपरा हलला आणि लगेच स्थिर झाला. तिने नोटा काढून मोजून दिल्या, उरलेले एकोणीस डॉलर पिशवीत ठेवले आणि पाकीट घडी घालून टेबलावरच राहू दिले. "माझा पगार इथूनच येतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता; त्यामुळेच तो बेसिलला नीट ऐकू आला. "या काउंटरवरून. वॉर्डातले हातमोजे इथून येतात. तुम्ही तिकडे लोकांना सांगता तसे ते समुद्रातून येत नाहीत. मी हे पैसे आनंदानं भरणार होते. मला ते जड जात नव्हतं. तुम्हाला का जड गेलं?"

बेसिलकडे उत्तरे पुष्कळ होती. सगळी सुंदर होती. ती तशीच ठेवून त्याने टेबलावरचे पाकीट उचलून खिशात घातले.

बाहेर ऊन पांढरे होते. ती खोके दोन्ही हातांत धरून चालत होती आणि तो दीड पाऊल मागून, आपण सोबत आहोत की पाठलाग करतो आहोत हे न ठरवता.

"लिंबू आणि मीठ लावलं तर वाइन जाते," तो म्हणाला. "आणि कड थोडी आत दुमडली..."

"मामी बघेल."

"हो. मामी नीट करेल."

ती थांबली. रस्त्यापलीकडे तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, ड्वेनची, जुनी जपानी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. ड्वेनने हात केला. बेसिलने उगाचच घाईने हात केला.

"आईचं नाव का घेतलंत?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होते आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याने त्यासाठी तीन वाक्ये जुळवून ठेवली होती. ती आता सापडेनात.

"पहिलं तेच सुचलं," तो म्हणाला. "काहीही अडलं की मला पहिल्यांदा तिचंच नाव सुचतं. आधी ती असायची म्हणून. आता सवय म्हणून."

फिलिपाने त्याच्याकडे पाहिले. दुपारभरात पहिल्यांदाच, पुरते. "तिच्या लग्नातला ड्रेस उसना होता, हे तिनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना सांगायचात की समुद्राच्या रंगाचा म्हणून तिनं तो निवडला. ती हसायची. म्हणायची, तुझ्या बापानं सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागतं."

"तिला राग नव्हता आला?"

"मी तेच विचारलं होतं तिला."

"मग?"

ड्वेनने गाडीचा दरवाजा आतून उघडला. मागे एक टॅक्सीवाला हॉर्न वाजवून रस्ता मागत होता.

"ते राहू दे," बेसिल म्हणाला. पुढचे वाक्य त्याने कुठेही सजवले नाही; सजवायला त्याच्याजवळ काही शिल्लकच नव्हते. "शनिवारी मी येऊ का? तुला आत न्यायला. हेझ्रनला सांगितलं असशील तर तसं सांग, मी मागच्या बाकावर बसेन. पण मी येऊ का?"

फिलिपाने खोके एका हातातून दुसऱ्या हातात घेतले, झाकण नीट बसले आहे का ते अंगठ्याने दाबून पाहिले, आणि "मामाला मी सांगते, तुम्ही फक्त वेळेवर या," असे म्हणून, दोन्ही बाजूंची वाहने पाहून ती रस्ता ओलांडू लागली.